दुधाला गेलेला पोरगा आणि ‘आलासा?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कागदावर झणझणीत वाटणारा टोमणा पडद्यावर फुसका का निघतो? बेळगाव-निपाणीकडच्या नव्या संवादलेखकांचा हा ठरलेला प्रश्न. बहुतेक वेळा टोमण्यातच त्याचा खुलासा कोंबलेला असतो.

समजा, बेळगावच्या शहापुरातल्या एका घरात चारच्या चहासाठी दूध आणायला गेलेला पोरगा सहाला उगवतो. पहिल्या खर्ड्यात बाप म्हणतो, ‘‘वा! किती लवकर आलास! लिटरभर दुधाला दोन तास?’’ दुसऱ्या वाक्यानं पहिल्यातला उपरोध मारला. उशीर बापानं सांगायचाच नसतो, तो आधी दिसायला हवा: आटून काळं पडलेलं आधण, बशीत पालथे कप. मग बाप एवढंच विचारतो, ‘‘आलासा? धार काढूनच आणलासा काय?’’

इथं सगळं काम ‘आलासा’ करतो, म्हणजे तिकडचं मान देऊन म्हटलेलं ‘आलात’. पोराला जन्मभर ‘आलास’ म्हणणारा बाप एकाएकी मान द्यायला लागला, की आज आपलं काही खरं नाही हे पोरगा ओळखतो. पण त्यासाठी आधीच्या एखाद्या सीनमध्ये बापाच्या तोंडी साधं ‘आलास’ येऊन गेलेलं असावं. नाहीतर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती नुसती सीमाभागातली लकब वाटते.

कन्नड डबिंगमध्ये हा टोमणा शाबूत राहतो. तिकडंही ‘नीनु’चं (तू) ‘नीवु’ (तुम्ही) होतंच, नुसतं ‘बंद्री?’ (आलात?) म्हटलं तरी भागतं. इंग्रजी सबटायटलमध्ये मात्र तू आणि तुम्ही, दोघांनाही एकच ‘यू’. तिथं एखादा ‘सर’ घालावा, वाक्य लांबवू नये.

नटाला भुवई उडवू द्यायची नाही. पाऊसपाणी विचारावं तसं बोलायचं. हेल काढला की लेखकाचा हात दिसतो. पोराचं उत्तर तर त्याहून सरळ हवं: ‘‘न्हाई, पिशवीचं हाय.’’ दोघंही तिरकस बोलले की जुगलबंदी होते. तिची गंमत वेगळी, पण मग बापाचा वार वाया जातो.

एडिटिंगला प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये पोराचा चेहरा अर्धा सेकंद ठेवून बघा, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबानं १२ फ्रेम. उत्तरानंतर लगेच कथेतली महत्त्वाची माहिती नको, थिएटरात ती हशात बुडते. आणि त्या जागेवर ‘टॉंय’ वाजवायला निघालेल्या संगीतवाल्याला चहा पाजून घरी पाठवा. बिनदुधाचा.