बाबांचा ब्रश

भावनगरहून शाडूची पोती उतरली की पेणमध्ये आमचा सण सुरू. परदेशी जाणारे गणपती बोटीनं केव्हाच निघतात. खरी झोपमोड श्रावणात.

डोळ्यांची आखणी बाबा करायचे. श्वास रोखून, एका दमात. फाल्गुनात ते गेले. परवा त्यांचा दोन-तीन केसांचा ब्रश मी उचलला आणि पहिल्याच मूर्तीचा डावा डोळा तिरका काढला. नवरा काही बोलला नाही. ओल्या फडक्यानं डोळा पुसला, मूर्ती परत माझ्यासमोर ठेवली, चहा आणला. (लग्नाआधीही हा असाच मुका.) अकराव्या मूर्तीनं कुठे माझ्याकडे नीट बघितलं.

माहेरी यंदा गणपती बसणार नाही. तरी आईनं पाट घासून उन्हात ठेवलाय.