बर्गनच्या खाडीत १६६५ ची लढाई शोधताना

नॉर्वेला जाणारी आपली बहुतेक मंडळी बर्गनमध्ये एखादी रात्र काढतात, रंगीत लाकडी घरांपुढे फोटो घेतात आणि फ्योर्डच्या बोटीत बसतात. माझं म्हणणं एवढंच की एक पूर्ण दिवस वोगेनसाठी ठेवा. वोगेन म्हणजे शहराच्या पोटात शिरलेली अरुंद खाडी, तिथलं जुनं बंदर. ऑगस्ट १६६५ मध्ये इथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मालासाठी लढाई झाली.

आधी प्रसंग समजून घ्या, म्हणजे पाय कुठे वळवायचे ते कळेल. इंग्रज आणि डच यांचं दुसरं युद्ध पेटलं होतं. जूनमध्ये लोस्टॉफ्टला इंग्रज जिंकल्यामुळे इंग्लिश खाडीतून मायदेशी जाणं डच व्यापारी जहाजांना धोक्याचं झालं. म्हणून पूर्वेकडून परतणारा कंपनीचा ताफा स्कॉटलंडला उत्तरेकडून वळसा घालून बर्गनच्या आश्रयाला आला. मिरी, मसाले, रेशीम, हिंदुस्थानी कापड असा माल. कंपनीची दहा जहाजं, आणि इतर डच व्यापारी धरून सगळी मिळून साठाच्या आसपास. बर्गन डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाचं, म्हणजे तटस्थ. पण त्या राजाचं, तिसऱ्या फ्रेडरिकचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी गुपचूप ठरलं होतं: इंग्रजांनी हल्ला करावा, डेन्मार्कने काणाडोळा करावा, लूट वाटून घ्यावी. हा हुकूम बर्गनच्या किल्लेदाराला, योहान कास्पार फॉन सिसिन्योंला, वेळेत मिळालाच नाही. त्याने आपल्या बंदराची तटस्थता राखली आणि इंग्रजांवर तोफा डागल्या. मला या साऱ्या कथेत हाच माणूस सर्वांत आवडतो. वर काय शिजलंय हे ठाऊक नसताना त्याने आपलं काम चोख केलं.

सकाळी सर्वांत आधी फ्लोयेन डोंगरावर जा. केबलगाडी शहराच्या मध्यातूनच सुटते, पण क्रूझ लागलेली असेल तर नऊनंतर रांग आवरत नाही. वरून वोगेनचा आकार एका नजरेत दिसतो, आणि पीटर द बिटर या डच प्रमुखाने काय केलं ते उमगतं. त्याने आपली मोठी जहाजं खाडीत आडवी नांगरून तोफांची भिंतच उभी केली. इंग्रजांचा थॉमस टेडिमन समोर ओळ धरून उभा राहिला. वारा मात्र शहराकडून समुद्राकडे वाहत होता. त्यामुळे तोफांचा सगळा धूर इंग्रजांच्याच डोळ्यांत गेला आणि पेटवून शत्रूवर सोडायची आगीची जहाजं त्यांना वापरता आली नाहीत. तीन-साडेतीन तासांत इंग्रजांनी नांगराचे दोर कापले आणि ते बाहेर पडले. त्यांचे चारशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. जहाज मात्र कोणाचंच बुडालं नाही.

खाली उतरल्यावर ब्रुग्गेन लागेल. ही लाकडी घरं जागतिक वारसा यादीत आहेत, सुंदर आहेत, पण १७०२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली. लढाई पाहिलेलं जे उरलंय ते दगडात आहे: मारियाची चर्च, किल्ल्यातला होकॉनचा दरबार आणि रोझेनक्रांट्झ मनोरा. किल्ल्याच्या आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, मनोऱ्याला तिकीट आहे. जिने अरुंद आणि उंच. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावं. दरबार आणि मनोरा दोन्हींची १९४४ मध्ये मोठी पडझड झाली होती, बंदरात स्फोटकांनी भरलेलं जहाज उडालं तेव्हा. ते जहाजही डचच होतं! आज दिसतं त्यात दुरुस्तीचा भाग बराच आहे.

कॅथेड्रल मात्र चुकवू नका. पाण्यापासून चालत दहा मिनिटं. तिच्या मनोऱ्याच्या भिंतीत त्या दिवशीचा एक तोफगोळा अजून रुतलेला आहे. पाटी शोधत बसू नका, बाहेर उभं राहून मान वर करा. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

दुपारी नोर्दनेस या पलीकडच्या भूशिरावर जा. टोकाला बाग आहे, तिथून खाडीचं तोंड समोर येतं. वाटेतला फ्रेडरिक्सबर्ग किल्ला लढाईनंतरचा आहे. मुखाशी तोफा हव्यात हे तेव्हा पटलं असणार.

आपल्याकडे पुरंदरचा तह झाला तो याच वर्षीच्या जूनमध्ये, आणि याच डच कंपनीची वखार तेव्हा वेंगुर्ल्याला होती. कोकणात गेलात तर तिचे अवशेषही बघा. दोन्ही जागा पाहिल्या की हा व्यापार केवढा पसरला होता ते नकाशाशिवाय समजतं.

आता व्यवहाराचं. शेंगेन व्हिसा लागतो, उन्हाळ्याची मुलाखतीची तारीख लवकर घ्या. विमानतळावरून ट्राम थेट शहराच्या मध्यात येते, पाऊण तास लागतो. टॅक्सीच्या फंदात पडू नका. रोख पैसे फारसे लागत नाहीत, कार्ड सगळीकडे चालतं. पाऊस इथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पडतो आणि वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट आणा. मासळी बाजार बघायला छान, जेवायला महाग. शाकाहारींनी सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळं घेऊन नोर्दनेसच्या बागेत बसावं. लढाईची तारीख कुठे २ तर कुठे १२ ऑगस्ट दिसेल. जुन्या-नव्या पंचांगाचा फरक आहे, दोन्ही बरोबर. परतताना ओस्लोची रेल्वे धरा, सात तासांच्या आसपास लागतात. तिकीट आधी काढलं तर पुष्कळ स्वस्त पडतं.