आडवी टाकी, काठीवरच्या खुणा आणि कॉसचं बटण

मामांच्या द्राक्षबागेत एक आडवी लोखंडी टाकी आहे, गोल, व्यास २ मीटर, लांबी ३.२ मीटर, म्हणजे भरली की साधारण १० हजार लिटर. उन्हाळ्यात टँकरचं विकतचं पाणी त्यातच टाकतात, त्यामुळे किती उरलंय ते रोज बघावंच लागतं. मामांनी काठीवर ५०, १०० आणि १५० सेंटीमीटरला खुणा केलेल्या, पाव, अर्धी, पाऊण. यातली अर्धीची खूण तेवढी बरोबर. टाकी आडवी असल्यामुळे तळाशी निमुळती, मध्ये रुंद, म्हणून ५० सेंटीमीटरला १९६५ लिटरच पाणी असतं, पाव टाकी म्हणजे खरंतर २५१३ लिटर. साडेपाचशे लिटरचा फरक, आणि तोही विकतच्या पाण्यात!

"मग पावची खूण नेमकी कुठं करू रे?" मामांनी विचारलं आणि मी वही घेऊन बसलो.

त्रिज्या १ मीटर आणि पाण्याची उंची 'उ' धरली की वर्तुळखंडाच्या, म्हणजे गोलाच्या पाण्याने भरलेल्या भागाच्या, क्षेत्रफळावरून समीकरण येतं (पूर्ण गोलाचं क्षेत्रफळ पाय, म्हणून पाव म्हणजे पाय/४):

कॉस इनव्हर्स (१ − उ) − (१ − उ) × √(२उ − उ²) = पाय/४

कॉस इनव्हर्स म्हणजे कॉसच्या किमतीवरून उलटा कोन काढणं. बारावीला इनव्हर्सची गणितं कशी, शेवटी पाय बाय सिक्स वगैरे छान उत्तर यायचं. इथे 'उ' इनव्हर्सच्या आत पण आहे आणि वर्गमुळात पण, कितीही हलवाहलव केली तरी एकटा बाहेर येत नाही. मग आकडे टाकून जवळ जवळ जायचं. सगळ्यात भरवशाचा रस्ता म्हणजे ० ते २ मीटर अर्धं अर्धं करत जाणं, उंची वाढली की पाणी वाढतंच, त्यामुळे उत्तर एकच आहे आणि ११ वेळा अर्धं केलं की मिलिमीटरच्या आत पोचतो.

पण मला न्यूटनची पद्धत (उताराने भागून अंदाज सुधारत जाणं) जास्त आवडते, कारण इथे तिचा अर्थ डोळ्यांना दिसतो. पाणी किंचित चढलं तर क्षेत्रफळ किती वाढेल? पाण्याच्या पृष्ठभागाची जेवढी रुंदी, त्या प्रमाणात. म्हणजे उतार = २√(२उ − उ²), आणि कमी पडणाऱ्या क्षेत्रफळाला रुंदीने भागलं की किती वर सरकायचं ते कळतं. ०.५ ला ०.१७१२ कमी पडतं, रुंदी १.७३२१, म्हणून पुढचा अंदाज ०.५९८९, त्याच्या पुढचा ०.५९६०, बस, चार दशांश स्थळं पक्की.

सुरुवात मात्र तळाजवळून करू नका. १ सेंटीमीटरला रुंदी जेमतेम २८ सेंटीमीटर, भागाकार एवढा मोठा येतो की उडी थेट पावणेतीन मीटरच्या पुढे, टाकीच्या बाहेर, आणि कॉस इनव्हर्स एरर देतं. मधून, म्हणजे १ पासून सुरू करा, तिथे रुंदी सगळ्यात जास्त म्हणून प्रत्येक पाऊल थोडं अलीकडेच पडतं आणि टाकी सोडून जात नाही. आणि कॅल्क्युलेटर अंशांवर नको, रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) ठेवा.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. उंचीऐवजी पाण्याच्या दोन कडांनी मध्याशी केलेला कोन थीटा घेतला तर इनव्हर्स गायबच होतो, उरतं थीटा − साइन थीटा = पाय/२. थीटा = पाय/२ + क्ष ठेवलं की होतं क्ष = कॉस क्ष!! म्हणजे कॅल्क्युलेटरवर १ टाकून कॉसचं बटण दाबत राहायचं, ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३ असं वरखाली होत होत तीस-पस्तीस वेळांनी ०.७३९०८५ वर थांबतं. त्यावरून थीटा, आणि १ − कॉस (थीटा/२) केलं की परत तेच, ०.५९६०. मामांच्या टाकीत हा आकडा लपला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, मी दोनदा करून बघितलं.

पावची खूण आता ५९.६ ला आणि पाऊणची १४०.४ ला, मामांनी लाल ऑइलपेंटने केल्यात. आता त्यांना दर ५०० लिटरला खूण हवीय, म्हणजे २० समीकरणं. शीटमध्ये टाकलीत, १० हजारची खूण १९५.७ ला येतेय, बाकीच्या रविवारी काठीवर उतरवतो.