तुम्ही विचारलंत म्हणून: आण्णा रानात कशाला जायचे?

आण्णांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. अख्खी नोकरी विमानाच्या इंजिनात हात घालून काढलेला माणूस, निवृत्तीनंतर दर आठवड्याला लाल बस धरून बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात कशाला जायचा? विचारणारे बहुधा उत्तरही स्वतःच देतात, "आवाजाला कंटाळले असतील. शांतता हवी असणार." तेराव्याला हे मला तिघांनी ऐकवलं. मी मान डोलावली, वाद घालायचा दिवस नव्हता तो. पण खरं सांगायचं तर शांतता आण्णांना सोसायचीच नाही.

हे माझे थोरले काका. हवाई दलाचं बेसिक ट्रेनिंग बेळगावशेजारच्या सांबऱ्याला, म्हणजे घरापासून सायकलच्या अंतरावर. ट्रेड, म्हणजे मेकॅनिकचं काम, शिकले चेन्नईजवळच्या तांबरमला आणि पुढची बरीच वर्षं एएन-३२ वर गेली. १९८४ पासून आपल्या हवाई दलात असलेलं हे मालवाहू विमान. त्याची इंजिनं पंखांच्या वर बसवलेली असतात, कच्च्या धावपट्टीवरचे खडे पंख्यात उडू नयेत म्हणून. हे आण्णा असं सांगत, जणू ती युक्ती त्यांनाच सुचली होती. त्याच इंजिनांपाशी त्यांचे कान गेले. कानावर लावायचे मफ दिलेले असत, पण हे घाईत काढून ठेवायचे.

पूर्ण बहिरे नव्हते. या बहिरेपणात आधी चढे, बारीक आवाज जातात: लहान पोरांचं बोलणं, कुकरची शिट्टी, पाखरं. उरते ती कानातली कुई. आणि आजूबाजूला सामसूम झाली की ती कुई जास्तच जाणवते. म्हणून थंडीतही रात्री पंखा फुल. काकू गोधडीत कुडकुडत. आणि म्हणूनच ओढा. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. तिथून जवळच उगवलेली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. "एकाच पावसाची दोन पोस्टिंगं," आण्णा म्हणत. खळखळत्या पाण्याकाठी बसलं की त्यांची कुई बुडायची.

पाखरांसाठी माझे कान होते. मी आठवी-नववीत. झाडाकडे बोट दाखवून विचारायचे, "ओरडूलाय काय रे?" मी शीळकरी कस्तुराची शीळ तोंडाने वाजवून दाखवायचो. तीही त्यांना ऐकू यायची नाही, पण माझे ओठ बघून हसायचे.

आता चमच्याची गोष्ट. विमानाच्या कामात अवजारं मोजून काढतात आणि मोजून ठेवतात. बोर्डावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, जागा रिकामी दिसली की समजायचं. एक स्क्रू-ड्रायव्हर सापडत नसेल तर विमान उडत नाही, कारण तो आत कुठं अडकला असेल सांगता येत नाही. रानातही आण्णा रुमाल पसरून सामान मोजायचे: चाकू, काडेपेटी, बॅटरी, दुर्बीण, डबा, चमचा, बाटली. सात. एका संध्याकाळी सहाच भरले. चमचा ओढ्याकाठी राहिला होता.

मी म्हटलं, "आण्णा, स्टीलचा चमचा तो, जाऊ दे की." त्यांनी ऐकलं नाही, की ऐकू आलं नाही, देव जाणे. परत गेलो, चमचा मिळाला, शेवटची बस चुकली. देवळाच्या ओसरीवर रात्र काढली. डास, थंडी. मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. आजही वाटतं, तेव्हा माझंच बरोबर होतं.

पहाटे ते एकदम उठून उभे राहिले. मान वर. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग आलं: घस्स, घस्स, कुणी मोठा भाता ओढावा तसं. दोन महाधनेश, मोठ्या चोचीचे ते पक्षी, डोक्यावरून गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याआधी काही ऐकलं होतं.

त्या आवाजाचं कारण त्यांनी पुढं कुठल्याशा पुस्तकात शोधून काढलं. धनेशाच्या पंखाखाली पिसांच्या मुळांवर झाकणारी बारीक पिसं नसतात, तिथून हवा घुसते आणि आवाज होतो. "फेअरिंगच नाही बसवलेलं," ते म्हणाले, म्हणजे विमानाच्या सांध्यांवर हवा गुळगुळीत सरकावी म्हणून बसवतात ते झाकण. "इन्स्पेक्शनला पास झाला नसता."

त्या पहाटे मात्र काहीच बोलले नाहीत. पाखरं दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले, मग खाली बसून रुमाल पसरला. चमचा धरून सात.