दोन रजिस्टरांच्या मधली माणसं

साहेबांनी ट्रेनिंगला माझं नाव टाकलं तेव्हा मी जाम वैतागले होते. ऑपरेशनल रिसर्च म्हणे, म्हणजे रोजच्या कामातल्या अडचणींचा अभ्यास! इथे टीबीचे पेशंट शोधत मुंबईतल्या बैंगनवाडीच्या गल्ल्या तुडवून चपला झिजल्यात आणि आता रिसर्च करायचा, माझ्या डोक्यात रिसर्च म्हणजे पांढरा कोट आणि पिंजऱ्यातले उंदीर.

पहिल्याच दिवशी ट्रेनिंगच्या सरांनी विचारलं, कामात काय खटकतं? मी म्हटलं, बेडका पॉझिटिव्ह येतो आणि माणूस गोळ्या घ्यायला येतच नाही. मग मोजा, म्हणाले. बस, एवढंच.

हे सगळं सॉर्ट इट नावाच्या कोर्सवरून घेतलेलं, द युनियन ही टीबीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणि एमएसएफ, म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, यांनी तो २००९ मध्ये सुरू केला, पुढे डब्ल्यूएचओमधल्या टीडीआर या रिसर्च आणि ट्रेनिंगच्या कार्यक्रमाने तो जगभर नेला. त्यात आधी प्रोटोकॉल, मग डेटा, मग पेपर, आणि डेडलाइन चुकली की बाहेर! आमचं ट्रेनिंग त्याचं छोटं भावंड, पण डेडलाइनचा धाक तोच.

तर मी लॅबचं रजिस्टर आणि ट्रीटमेंटचं रजिस्टर जमिनीवर शेजारी शेजारी मांडलं, पट्टी ठेवून एकेक नाव जुळवत बसले. एकच बाई एकीकडे शबनम, दुसरीकडे शबाना, वय पण वेगळं, त्यातच दोन दुपारी गेल्या. एवढी वर्षं आम्ही म्हणत आलो की पेशंट बेफिकीर असतात. पण जे ट्रीटमेंटच्या रजिस्टरात सापडले नव्हते त्यांच्या लॅबच्या रजिस्टरातल्या ओळी वाचल्या तर पत्ता काय, तर 'मशिदीच्या मागे'. अहो कुठल्या मशिदीच्या? मोबाईल नंबरात नऊच आकडे. आणि हे लिहिलेलं कोणी, तर आम्हीच, काही ओळींत तर माझंच अक्षर.

सरांनी एकदा मद्रासच्या अभ्यासाचं सांगितलं होतं. १९५९-६० मध्ये त्याचे निकाल छापून आले, गरीब वस्तीतल्या पेशंटना घरीच औषधं दिली तरी सॅनेटोरियमइतकाच गुण येतो आणि घरच्यांनाही जास्त धोका होत नाही. तेव्हापासून अख्खा प्रोग्राम घरी राहणाऱ्या पेशंटवर उभा आहे आणि आमच्याकडे घराचाच पत्ता धड नाही, कमाल आहे की नाही.

मग एकच बदल केला. बेडक्याची डबी हातात देतानाच समोर बसून नंबर लावायचा, वाजला तरच लिहायचा, शिवाय दुसरा एक नंबर आणि जवळच्या दुकानाचं नाव. तीन महिन्यांनी परत पट्टी घेऊन बसले. गळती कमी झालेली, पण संपली नाही, गावी निघून जाणारे जातातच, त्यांना निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पेशंटच्या ऑनलाइन नोंदणीवर, तिकडे ट्रान्सफर करावं लागतं आणि ती वेगळीच डोकेदुखी.

परवा एका काकांचा नंबर लावला तर ते म्हणे थांबा ताई, फोन पानवाल्याकडे आहे, तो रात्री नऊनंतर देतो. मी लिहून घेतलं: रात्री नऊनंतर.