सेकंडहँड होडी घेताय? आधी इंजिनाचं मूळ बिल मागा

जुनी होडी घेताना लोक तळ बघतात, इंजिन चालू करून बघतात, भाव पाडतात आणि ट्रॉलीत टाकून घरी आणतात. मी तळ बघितला, इंजिन बघितलं, दोन्ही चांगली निघाली. तरी होडी नवरात्रापासून संक्रांत उलटेपर्यंत विकणाऱ्याच्या खळ्यात पालथी पडून होती. कारण एकच. इंजिन कर्जावर घेतलेलं होतं, मूळ बिल पतसंस्थेकडे जमा होतं आणि ती पतसंस्था बंद पडलेली होती. आमचा आख्खा हंगाम त्यात गेला. ज्यांना होडी घ्यायची आहे त्यांनी पुढचं नीट वाचावं.

आम्ही शिंदखेडा तालुक्यातले, तापीकाठचे भोई. वर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले की खाली आमच्या सुलवाडे बॅरेजचेही दरवाजे वर जातात, नदी वाहती होते आणि जाळी घरात येतात. पाऊस सरल्यावर पाणी अडवतात, तेव्हापासून आमचा हंगाम. आमच्याकडचे बरेच जण अजून थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. वारा सुटला की जीव मुठीत. म्हणून फायबरची होडी आणि छोटं आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन, घ्यायचं ठरवलं. नवं परवडणारं नव्हतं. भुसावळकडे हतनूरच्या फुगवट्यावर मासेमारी करणारे एक भाऊ व्यवसाय सोडत होते. सोळा फुटी होडी, आठ एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक मशीन. भावात काही अडलं नाही.

बघायला आमचे आबा बरोबर होते. विकणारा पैशांवर आला की आबांचं एकच उत्तर, ‘पह्यले पानीमा उतारू, मंग पैसास्नी गोठ.’

फायबरची होडी आधी कोरडी बघायची, पालथी घालून, उन्हात. पाच रुपयांचं नाणं घेऊन तळ वीतवीतभर अंतरावर ठोकत जायचं. फायबर एकसंध असेल तर खणखणीत आवाज येतो. आत थर सुटले असतील, पाणी शिरलं असेल, तर तिथे आवाज बसतो. तशा जागेवर खडूने गोल करायचा. दोन-तीन गोल लांब लांब असतील तर डागडुजी होते, सगळे एकाच पट्ट्यात आले तर होडी कुठेतरी दणकून खडकावर बसलेली आहे. बारीक फोड आलेत का तेही बघा. गोड्या आणि कोमट पाण्यात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या फायबरला ते येतात. मग होडी सरळ करून आतून बघायची. रंग नवा मारलेला असेल तर का मारला ते विचारा. रंग नसेल तर एकाने बाहेरून बॅटरीचा उजेड मारायचा आणि दुसऱ्याने आतून बघायचं, ठिगळं लगेच कळतात.

सगळ्यात महत्त्वाची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. बाहेरून फायबर दिसतं, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. इंजिन टांगलेलं असताना ते वर-खाली जोरात हलवा आणि नजर फळीवर ठेवा. फळी लवली किंवा बोल्टभोवती तडे दिसले तर तिथूनच परत फिरा. आबांनी एक बोल्ट काढायला लावला. भोक कोरडं होतं. तपकिरी पाणी निघालं असतं तर आम्ही चहाही न पिता निघालो असतो.

इंजिनाचं मी आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत चालू करायचं नाही. गेल्या गेल्या हात लावून बघायचं. गरम असेल तर थंड मशीन सुरू व्हायला त्रास देतं आणि तो लपवलाय असं समजा. आउटबोर्ड कोरडं चालवू नका, पाण्याचा पंप जळतो. निदान ड्रममध्ये पाणी भरून खालचा भाग त्यात बुडवा. चालू झाल्यावर मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार बाहेर पडली पाहिजे, थेंब थेंब नाही. हतनूरच्या मशीनला हे जास्तच बघावं लागतं. पूर्णा नदी काळ्या मातीचा गाळ आणते, धरणात गाळ भरपूर, आणि तो पंपातलं रबरी चक्र खातो. आमचं चक्र झिजलेलं निघालं. ते बदलायचे पैसे भावातून कमी झाले.

खाली गिअरच्या डब्याचा स्क्रू सैल करून थोडं ऑइल काढायचं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पंखा काढून त्याच्यामागे शाफ्टवर जाळ्याचा दोरा गुंडाळलेला आहे का ते मच्छीमाराच्या मशीनमध्ये हमखास बघा. नायलॉनचा दोरा आत घुसून सील कापतो आणि पाणी तिथूनच जातं. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मेकॅनिककडून मोजून घ्या, दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको.

हे सगळं सकाळी सुरू करून दुपारपर्यंत उरकलं. होडीच्या नोंदणीचा कागद होता, होडीवरचा क्रमांक त्याच्याशी जुळला. मग मी इंजिनाचं बिल मागितलं. झेरॉक्स पुढे आली. मूळ कुठंय विचारलं, तर भाऊ म्हणाले, ‘ते पतसंस्थेत असेल, कर्ज तर कधीच फिटलं.’

मोटारसायकलच्या आरसीवर बँकेचा बोजा छापलेला असतो, त्यामुळे घेणाऱ्याला कळतं. आउटबोर्ड इंजिनाला आरसी नसते. होडी आधी घेतलेली, इंजिन मागाहून कर्जावर घेतलेलं, त्यामुळे होडीच्या कागदावर इंजिनाच्या कर्जाचा मागमूस नाही. कर्जाचा पुरावा म्हणजे ते मूळ बिल आणि त्याच्यासोबतचा नजरगहाणाचा करार, म्हणजे वस्तू आपल्याकडेच पण तारण संस्थेकडे. कर्ज पतसंस्थेच्या दप्तरी थकीत दिसत असेल तर सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि कलम १५६ प्रमाणे जप्ती आणि लिलाव होऊ शकतो. वसुली अधिकारी सुलवाड्याला येऊन इंजिन उचलायला लागला तर मी त्याला काय दाखवणार होतो? झेरॉक्स?

मी थोडा विसार दिला आणि पावतीत अट लिहून घेतली : इंजिनाचं मूळ बिल आणि बोजा नसल्याचं पत्र मिळाल्यावरच उरलेली रक्कम, नाहीतर विसार परत. या एका ओळीने पुढे मला वाचवलं.

जळगाव जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्याचं नवं नाही, घरटी कुणाची ना कुणाची ठेव अडकलेली आहे. ही पतसंस्थाही अवसायनात, म्हणजे कायदेशीरपणे गुंडाळायला निघालेली होती. शटर बंद, त्यावर पिवळी पडलेली नोटीस. निबंधकांच्या तालुका कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, अवसायकांना, म्हणजे संस्था गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्यांना भेटा. ते कुठे बसतात? ते फिरतीवर असतात. कधी येतात? सांगता येत नाही. त्यांच्याकडे अनेक संस्थांचा कारभार, शिवाय त्यांची मूळ नोकरी वेगळी. बाकावर ठेवीदार बसलेले असत, म्हातारी माणसं, पिशवीत जपून ठेवलेल्या पावत्या. त्यांच्याकडे बघून आवाज चढवायची इच्छा मरून जायची. पण राग गेला नाही, आजही नाही. एका खतावणीचं एक पान उघडून बघायचं होतं. त्यासाठी धुळ्याच्या टोकाहून जळगावात हेलपाटे.

पुढचा अडसर, ‘तुमचं खातं नाही, तुम्हाला माहिती कशी देणार?’ हे त्यांचं बरोबर होतं. भाऊंना यायला सांगितलं तर त्यांच्याकडे कापूस वेचणी सुरू झालेली. शेवटी त्यांच्याकडून सहीचं अधिकारपत्र घेतलं, त्यात कर्जखात्याचा नंबर, सोबत आधारची झेरॉक्स. हे पहिल्या दिवशीच करून ठेवा. आणि कुठलाही अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझा पहिला अर्ज ‘सापडत नाही’ म्हणाले तेव्हा शिक्क्याची प्रत पुढे केली, मग तो सापडला.

तारीखवार काहीच कळेना, म्हणून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. मजकूर अगदी लहान ठेवला : अवसायक नेमल्याच्या आदेशाची प्रत, दप्तर कोणत्या पत्त्यावर आहे, आणि ते कोणत्या दिवशी कार्यालयात बसतात. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं. दप्तर दुसऱ्या तालुक्यात एका खोलीत होतं. एवढी साधी गोष्ट तोंडी कुणी सांगितली नव्हती.

तिथे खतावणी उघडली तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. शेवटचा हप्ता खात्यावर चढलेलाच नव्हता. भाऊंकडे हाताने लिहिलेली पावती होती, त्यामुळे ते मिटलं. ज्यांच्याकडे पावती नसेल त्यांनी काय करायचं? दुसरी गोष्ट अवघड होती. भाऊ चुलतभावाच्या कर्जाला जामीन होते आणि ते कर्ज थकलेलं. ‘जामीनदाराला बेबाकी दाखला देता येत नाही,’ इथे विषय संपला असं मला सांगण्यात आलं. दिवाळी केव्हाच होऊन गेली होती, पाणी अडवलेलं होतं, तराफेवाले मासे आणत होते आणि मी फायली बघत होतो.

वाट दाखवली ती आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या निवृत्त गटसचिवांनी. आम्ही त्यांना नाना म्हणतो. ते म्हणाले, ‘तू बेबाकी मागतोसच कशाला? बेबाकी म्हणजे त्या माणसाकडे संस्थेचं काहीच येणं नाही. तुला त्याच्याशी काय करायचंय? तू त्या एका खात्यापुरतं माग.’ त्यांनीच मजकूर सांगितला : ‘सदर कर्जखाते पूर्ण परतफेड होऊन बंद झाले असून, त्यास तारण असलेल्या इंजिनावर संस्थेचा कोणताही बोजा राहिलेला नाही. मूळ बिल अर्जदारास परत करण्यात येत आहे.’ खाली इंजिनाचा नंबर. नव्या अर्जात हेच मागितलं, शेवटच्या पावतीची प्रत जोडली. जामीनकीचा प्रश्न आलाच नाही, कारण ती दुसऱ्या खात्याची होती. पत्र मिळालं, मूळ बिलही मिळालं. ते हातात आलं तेव्हा मी जिना उतरायच्या आधी तिथेच उभं राहून नंबर चार वेळा वाचला. नानांना त्या दिवशी घरी नेऊन जेवू घातलं.

नंबरचं आठवलं म्हणून : इंजिनाचा नंबर पकडीवरच्या पट्टीवर असतो. बिल, पत्र आणि पट्टी, तिन्हींवर अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पट्टीचे रिवेट खरवडलेले दिसले तर व्यवहार करू नका.

होडी घेऊन येताना महामार्गावरच्या वजनकाट्यावर काटा केला. आधी गाडी रिकामी, मग होडीसकट. इंजिन आणि टाकी वेगळी पाठवली होती. होडी बुडू नये म्हणून बाकांखाली फोम भरलेला असतो. तो पाणी प्यायला असेल तर बाहेरून काही दिसत नाही, पण वजन सांगतं. बनवणाऱ्याने दिलेल्या वजनाशी पडताळा. हे खरं तर व्यवहाराआधी करायचं असतं, आणि आम्हीही सप्टेंबरात एकदा केलं होतं. पण चार महिने उघड्यावर पडलेली होडी पुन्हा तोलल्याशिवाय मी उरलेले पैसे दिले नाहीत.

विक्री करारनाम्याला आता शंभरचा स्टॅम्प चालत नाही, २०२४ पासून पाचशेचा लागतो. करारात होडी आणि इंजिन वेगवेगळं लिहा, दोघांचे क्रमांक वेगळे. प्रवासी बसवायचे असतील तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणीबरोबर सर्वेक्षणाचं प्रमाणपत्रही बघा आणि त्याची मुदत संपलेली नाही ना ते बघा.

पेट्रोलची रबरी नळी मी न बघताच बदलली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या नळ्या त्याने फुगतात, चिरतात. आणि मशीन महिनोन्महिने बंद असेल तर कार्ब्युरेटर साफ करूनच पहिल्यांदा चालू करा. आमचं तसंच केलं. तिसऱ्या ओढीला लागलं, धार बरोबर पडत होती, आणि आबा पुढे जाऊन बसले.