पारेहाच्या गालावरचा रंग

पोर्ट्रेट शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: त्वचेचा रंग कसा करायचा? काही जण तर ‘फ्लेश टिंट’ची तयार ट्यूबच घेऊन येतात. म्हणून त्या शनिवारी न्यूयॉर्कमधल्या माझ्या वर्गाला मी मेट म्युझियममध्ये घेऊन गेलो, स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या ‘हुआन दे पारेहा’ या व्यक्तिचित्रासमोर. प्रत्येकाच्या हातात करड्या पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि त्याला मधोमध पेन्सिलीएवढं भोक.

हे चित्र १६५० सालचं, रोममध्ये रंगवलेलं. उंची जेमतेम ८१ सेंटिमीटर. त्यात रंग असे नाहीतच म्हणा ना. हिरवट करडी पार्श्वभूमी, जवळपास त्याच रंगाचे कपडे, काळे केस, दाढी, पांढरी लेसची कॉलर. आणि मध्ये तांब्यासारखा तेजाळलेला चेहरा.

“एक डोळा मिटा आणि भोकातून नुसता गाल बघा,” मी म्हटलं.

“सर, हा तर मातकट तपकिरी आहे!” वर्गातली एकमेव मराठी विद्यार्थिनी म्हणाली. सावलीकडच्या गालावर भोक नेल्यावर तिला चक्क हिरवट झाक दिसली. कॉलरही पांढरी नव्हती, बरीचशी करडीच होती. शुद्ध पांढऱ्याचे फटकारे मोजकेच. मग तिने पुठ्ठा खाली घेतला आणि तोच मातकट गाल पुन्हा पेटला. तिने तीन-चारदा पुठ्ठा वर-खाली केला. बाकीचेही तेच करू लागले.

वेलास्केझने गालात ऊब ओतलेली नाही, आजूबाजूचं सगळं थंड ठेवलंय. हिरवट करड्याशेजारी साधी मातीही लालसर दिसते. आणि चेहऱ्यावरचा सगळ्यात तेज उजेड त्याने कपाळासाठी राखून ठेवलाय. मला या चित्रकाराचा हा संयम फार मोठा वाटतो.

या दालनांवर काचेचं छत आहे. मध्येच ढग आला तसा वरचा उजेड निळसर झाला. पार्श्वभूमी मागे सरली आणि चेहरा पुढे आला. सगळे गप्पच झाले. छापील प्रतीत हे कधीच दिसत नाही, त्यासाठी मूळ चित्रापुढे तासभर उभंच राहावं लागतं.

पारेहा वेलास्केझच्या चित्रशाळेतला गुलाम होता. हे मी मुद्दाम उशिरा सांगितलं, कारण आधी नजर उजेडावर बसायला हवी होती. हे चित्र रंगवलं त्याच वर्षी नोव्हेंबरात वेलास्केझने त्याच्या मुक्तीच्या कागदावर सही केली, तीही आणखी चार वर्षं सेवेची अट घालून. पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला. १६६१ सालचं त्याचं मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. हे ऐकल्यावर ती विद्यार्थिनी पुन्हा चित्राकडे वळली आणि म्हणाली, “सर, पण बघतोय कसा ताठ मानेने!”

पुढच्या वर्गाला चारच ट्यूब आणायला सांगितल्या: पांढरा, काळा, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). आधी पार्श्वभूमी रंगवायची, गालाला हात नंतर.